चैनीचा नंबर

चैन हा शब्द बहुतेक घरांत नाक मुरडून वापरतात. शेजाऱ्यांनी मोठा टीव्ही आणला की "चैन आहे बुवा लोकांची," आणि आपण आणला की "अहो, जुना बिघडलाच होता." म्हणजे दुसऱ्याची ती चैन आणि आपली ती गरज, असा सगळा सोयीचा मामला. सोफेवाल्यांच्या घरात मात्र या शब्दाला मान होता. तिथे चैन ठरवून व्हायची, वर्षातून एकदाच व्हायची, आणि ती आणायला सगळं घर चांगले कपडे घालून जायचं.

सोफेवाले म्हणजे जुन्या सोफ्यांत, खुर्च्यांत, दवाखान्यातल्या बाकांत नव्याने काथ्या आणि फोम भरून वर कापड ताणून देणारे कारागीर. त्यांचं खरं नाव बँकेत आणि डॉक्टरकडे तेवढं लागायचं. खाली कारखाना, म्हणजे एक लांबट खोली, आणि वर घर. काम करताना तोंडात बारीक खिळे धरायची त्यांना सवय. एकेक खिळा जिभेने ओठांवर आणायचा आणि हातोडीच्या चुंबकाने उचलून ठोकायचा. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ त्यांना बोलताच येत नसे, आणि त्यांच्या बायकोने संसारातले सगळे मोठे निर्णय नेमके याच वेळात जाहीर करून टाकले होते.

चैनीची पद्धत लग्नानंतर लगेचच निघाली. दोघं संध्याकाळी फिरायला गेले होते आणि बायको एका दुकानाच्या काचेपुढे थबकली. आत निळ्या काचेचा दिवा होता, टेबलावर ठेवायचा. त्यांच्या घरात टेबलच नव्हतं.

"काय बघतेस?"

"काही नाही, उगाच," ती म्हणाली, आणि इतकं वाईट खोटं बोलली की सोफेवाल्यांना आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. ही बाई जन्मभर असंच "उगाच" म्हणत राहणार, आणि आपण ते खरं मानत राहणार. हा विचार काही त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. घरात वर्षाला एक चैन, आळीपाळीने. ज्याचा नंबर असेल त्याने सांगायचं, बाकीच्यांनी सोबत दुकानात जायचं, आणि "कशाला?" हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

"चैन म्हणजे नक्की काय धरायचं?" बायकोने विचारलं. ती व्यवहाराला पक्की.

"जिच्यावाचून काही अडत नाही, पण मन अडून बसतं, ती."

निळा दिवा आला आणि टेबल नसल्यामुळे उपड्या खोक्यावर बसला. पुढच्या वर्षी सोफेवाल्यांचा लाकडी पेटीचा रेडिओ आला, तो एवढा मोठा की खिडकी कायमची अर्धी झाकली गेली. गरजेच्या वस्तूंवरून त्या घरात भांड्याला भांडं लागायचं. पडद्यांच्या रंगावरून दोघं आठवडाभर धुसफुसत राहायची. चैनीवरून मात्र कधी चकार शब्द निघाला नाही. मुलगा शाळेत जायला लागला तसा त्यालाही नंबर मिळाला, आणि त्याने पहिली चैन कोणती मागितली, तर सायकलची घंटी. बाजारातली सगळ्यात भारी, चकचकीत, दोन आवाजांची घंटी. सायकल नव्हती. सायकल त्याला नकोही होती. तिघं नटूनथटून गेले, दुकानदाराने "सायकल कुठली आहे?" म्हणून विचारलं तेव्हा सोफेवाल्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने घंटी कागदात बांधली. मग कितीतरी महिने तो पोरगा ती हातात धरून घरभर वाजवत फिरत होता आणि आईबाप कान किटले तरी हसत होते.

असं ते घर. आणि चैनीच्या त्या वर्षांत "कशाला?" हा शब्द एकदाच उच्चारला गेला, तोही ज्याने नियम केला त्याच्याच तोंडून.

मुलगा मोठा होऊन केस कापायला शिकला. एका सलूनमध्ये नोकरीला लागला, हात चांगला बसला, आणि त्याचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "माझी चैन म्हणजे खुर्ची. सलूनची. पुढे-मागे स्वतःचं दुकान टाकीन तेव्हा लागेल."

तिघं गेले. दुकानात मध्यभागी ती खुर्ची होती, पायाने दाबली की वर जाणारी, मागे कलणारी, लोखंडी बुडाची, लाल रंगाची. मुलगा तिच्याभोवती असा फिरत होता की जणू ती उठून पळून जाईल. सोफेवाल्यांनी सवयीने सीटवर तळहात दाबला. आत हलका स्पंज. वर लेदर म्हणून सांगितलेलं रेक्झिन. कडेची शिवण उसवायला टेकलेली. आणि त्यांच्या मनात जे आलं ते स्पंजाबद्दल नव्हतंच. सोफेवाल्याचा मुलगा बसायची वस्तू घेतोय, आणि बापाला एका शब्दाने विचारत नाही. अरे, मी करून दिली असती. शहरात कुणाकडे नसेल अशी करून दिली असती. फक्त विचारायचंस.

हे सगळं बोलायला हवं होतं. त्याऐवजी ते म्हणाले, "कशाला?"

दुकानदार होता, दुकानदाराचा नोकर होता, बायको होती. मुलाचे कान लाल झाले. त्याने वडिलांकडे पाहिलं, थोडा वेळ थांबला, आणि मग दुकानदाराला म्हणाला, "बांधून द्या." महिन्याभरात त्याने दुसऱ्या शहरात नोकरी शोधली आणि खुर्ची ट्रकमध्ये घालून निघून गेला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मुलगा दर रविवारी आईला फोन करायचा. फोन वाजला की सोफेवाले उठून खाली जायचे, म्हणजे निदान तसा आवाज करायचे. चार पायऱ्या उतरून ते जिन्यातच बसत आणि बायकोच्या अर्ध्या वाक्यांवरून मुलाची उरलेली वाक्यं जुळवत. "अरे वा, स्वतःचं?" म्हणजे दुकान टाकलं. "खोकला कशाने झाला?" म्हणजे खोकला झाला. फोन संपल्यावर ते वर येऊन विचारत, "कोणाचा होता?" आणि बायको म्हणत असे, "होता एकाचा."

चैन त्या घरातून गेली ती गेलीच. बंदी कुणी घातली नव्हती. पंखा आला, गादी आली, नवा कुकर आला, पण सगळं गरज म्हणून. एखाद्या मरून गेलेल्या माणसाचं नाव टाळावं तसा दोघंही तो शब्द टाळत. निळ्या दिव्यावरची धूळ बायको पुसायची, पण तो लावायची नाही.

मग एका दुपारी सोफेवाले एका दवाखान्याचं बाक भरत होते. तोंडात मूठभर खिळे. बायको जिना उतरून आली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसली.

"या वर्षी माझा नंबर आहे," ती म्हणाली.

हातोडी थांबली.

"मधली वर्षं मी सोडून दिली. तुमचीही गेली. त्याचा हिशोब नको. या वर्षी मात्र माझा नंबर, आणि माझी चैन ठरली आहे. मला केस कापून घ्यायचेत."

सोफेवाल्यांनी प्रश्नार्थक भुवया उंचावल्या. तेवढंच त्यांना करता येत होतं.

"पोराकडून. त्याच्या दुकानात जाऊन. आगगाडीने, खिडकीजवळच्या चांगल्या सीटवर बसून, जाऊन येऊन. चांगल्या लॉजमध्ये राहून. खांद्यापर्यंत कापणार आहे मी, ही वेणी आता मानेला जड होते. दुसरीकडे स्वस्तात होईल हे मलाही कळतं. पण मला त्याचा हात लागायला हवाय डोक्याला." तिने गठ्ठ्यावरचं कापड हाताने सरळ केलं. "नियम तुम्हीच केलेला आहे. सोबत यायचं, आणि काय विचारायचं नाही ते तुम्हाला माहीत आहे."

सोफेवाल्यांनी खिळे तळहातावर काढले. ती वेणी त्यांची आवडती होती. लग्नाच्या वेळी काळीभोर होती, आता करडी झाली होती. "कधीची गाडी?" एवढंच ते म्हणाले.

बायको वर गेली आणि सोफेवाले बाकासमोर नुसते बसून राहिले. जायचं म्हणजे त्याच्या समोर उभं राहायचं. काय म्हणून उभं राहायचं? इतक्या वर्षांनी रिकाम्या हाताने बाप दारात गेला तर तो पाहुणा दिसतो. मग त्यांना ती लाल खुर्ची आठवली. आठवली म्हणजे काय, ती कधी विसरली नव्हतीच. सीटची रुंदी, खोली, पाठीचा उतार, कुठे कडा वळते, सगळं त्यांच्या तळहाताला पाठ होतं. एवढ्या वर्षांत त्या स्पंजाचं पार भजं झालं असणार.

ते चामड्याच्या व्यापाऱ्याकडे गेले. गिऱ्हाइकांसाठी ते नेहमी मधल्या भावाचा माल घेत. त्या दिवशी त्यांनी वरच्या फळीवरचा काढायला लावला. त्यात गडद तांबूस रंगाचं एक चामडं होतं, हाताला लोण्यासारखं लागणारं. व्यापाऱ्याने विचारलं, "कुणा बड्या माणसाचं काम मिळालंय वाटतं?"

"माझंच आहे," सोफेवाले म्हणाले. भाव भलताच होता, पण त्यांनी घासाघीस केली नाही. चैनीत घासाघीस करायची नाही, हाही त्यांचाच जुना नियम. एकच गोष्ट त्यांना टोचत होती. नंबर नसताना घेतलेली आणि एकट्याने आणलेली त्यांच्या आयुष्यातली ही पहिली चैन होती. कुणी सोबत नसलं की तिची मजा अर्धी होते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्यांनी सीटचं आणि पाठीचं कव्हर आठवणीतूनच शिवलं. दुहेरी शिवण, कडेला त्याच चामड्याचा गोट. भरायला चांगल्यातला चांगला फोम घेतला. सगळं गुंडाळून हातोडी, पक्कड, खिळ्यांच्या डबीसह पिशवीत घातलं. बायकोने पिशवी पाहिली. "केवढी ती जड," असं म्हणून तिने एक बंद धरला, आणि आत काय आहे ते विचारलं नाही.

आगगाडीत ती खिडकीजवळ बसली आणि पूर्ण रस्ताभर बोलत होती. बाहेर म्हैस दिसली तरी सांगायची, पूल आला तरी सांगायची. सोफेवाले पायात पिशवी धरून मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. "जरा खुर्ची दाखव बघू." नको, हुकूम वाटतो. "सहज आलो होतो, म्हटलं सीट भरून द्यावी." सहज कोण येतं आगगाडीने? "तुझी खुर्ची कशी आहे?" हे बरं होतं. माणसाची चौकशी करावी तसं वाटत होतं.

दुकान एका रुंद रस्त्यावर, औषधाच्या दुकानाला लागून होतं. काचेचं दार, आत तीन खुर्च्या, मोठे आरसे, भिंतीशी थांबणाऱ्यांसाठी बाक. मुलगा एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस ब्रशने झटकत होता. तो जाड झाला होता. दाढी ठेवली होती, आणि तिच्यात एक-दोन केस पांढरे होते. आपला मुलगा आपल्याला न विचारता म्हातारा व्हायला लागला होता.

"आलीस?" तो आईला म्हणाला, आणि तिला मिठीत घेतलं, ते बराच वेळ सोडलं नाही. मग वडिलांकडे वळला. "प्रवास कसा झाला, बाबा?"

"बरा झाला," सोफेवाले म्हणाले. "गाडी वेळेवर होती."

इतक्या वर्षांनंतर बापलेकांत झालेलं हे पहिलं संभाषण. रेल्वेच्या चौकशी खिडकीवर याहून जास्त जिव्हाळ्याने बोलतात.

मुलाने आईला एका खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि वेणी सोडायला घेतली. सोफेवाले बाकावर टेकले आणि खुर्च्या पाहू लागले. तिन्ही काळ्या, तिन्ही सारख्या, कारखान्यातून आलेल्या. लाल एकही नाही. आतल्या खोलीत असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. आवडीची वस्तू माणूस आतच ठेवतो.

शेजारी एक टॅक्सीवाला बसला होता, खाकी शर्ट, किल्ली बोटावर फिरवत. त्याने सोफेवाल्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"नवीन दिसताय, काका. साधं की चैन?"

सोफेवाल्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणालात?"

"म्हणजे साधं कापून घ्यायचंय की चैन करायचीय? मी आज चैन. महिनाभर पैसे बाजूला टाकतो त्यासाठी."

"चैन म्हणजे काय?" सोफेवाल्यांनी विचारलं.

टॅक्सीवाल्याला समजावून सांगायला फार आवडत असावं. तो त्यांच्याकडे तोंड करून बसला. "हे बघा, इथे चैन म्हणजे महाग काम. गरम टॉवेल, मालीश, सगळं आलं. पण खरी गंमत ती नाही. खरी गंमत अशी की तुम्ही काहीही सांगा. मिशी राजासारखी पीळदार करा म्हणा, टक्कल करा म्हणा, निळे केस करा म्हणा. हे लोक मुकाट्याने करतात. 'कशाला?' म्हणून विचारत नाहीत. तसा नियमच आहे इथे. मला सांगा, घरी बायको विचारते कशाला, गाडीचा मालक विचारतो कशाला, सिग्नलवरचा पोलीसही विचारतो. एक जागा अशी पाहिजे ना माणसाला?"

"पाहिजे," सोफेवाले म्हणाले.

"मालकाच्या वडिलांनी काढलेली पद्धत आहे म्हणे ही. तो सांगतो ना सगळ्यांना. आमच्या घरी सायकल नव्हती, पण बाबांनी मला घंटी घेऊन दिली, आणि दुकानदार काही विचारायला लागला तर त्याच्याकडे असं बघितलं की बस! मोठा माणूस असणार बघा तो."

सोफेवाले आपल्या बुटांकडे पाहत राहिले.

"आहेत का हयात, कोण जाणे," टॅक्सीवाला म्हणाला.

"आहेत."

"ओळखता की काय तुम्ही?"

"थोडंफार," सोफेवाले म्हणाले.

तेवढ्यात दुकानात काम करणाऱ्या मुलीने टॅक्सीवाल्याला पलीकडच्या खुर्चीत बोलावलं, आणि ते एक बरं झालं, कारण सोफेवाल्यांचे डोळे भरून आले होते. आपला एक वाईट शब्द या मुलाने जपून ठेवला असेल, रोज उगाळत असेल, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. जिन्यात बसून फोन ऐकताना ते त्याचाच मागोवा घेत असायचे. आणि याने आपलं सगळं चांगलं तेवढं इथे आणून मांडलं होतं, अनोळखी माणसांना वाटत होता. आता खुर्चीबद्दल विचारायला हवं होतं. आता नाही तर कधीच नाही.

ते उठले आणि आरशाजवळ जाऊन उभे राहिले. बायकोचे केस एका बाजूने खांद्यापर्यंत आले होते, दुसऱ्या बाजूने अजून लांब होते.

"तुझी खुर्ची कशी आहे?" त्यांनी विचारलं.

कात्री थांबली. "ती लाल?" मुलगा म्हणाला. "ती विकली, बाबा. कधीच."

"विकलीस."

"इथे आलो त्याच हिवाळ्यात. राहायच्या खोलीत तिला जागा होईना. मी भिंतीला चिकटून झोपायचो आणि मध्ये ती. आणि सीट पार बसली होती, शिवण उसवली होती. तुम्ही दुकानात हात दाबून पाहिलात ना, तेव्हाच तुमच्या चेहऱ्यावर दिसलं होतं मला."

"दिसलं होतं तर घेतलीस कशाला?"

बोलून गेल्यावर सोफेवाल्यांच्या लक्षात आलं. बायकोने आरशात डोळे मिटून घेतले. पलीकडे टॅक्सीवाल्याने मान वळवून पाहिलं. मुलाने मात्र या वेळी उत्तर दिलं.

"कारण तुम्ही पुढे काहीतरी बोलाल म्हणून मी थांबलो होतो," तो म्हणाला. "मला वाटलं तुम्ही म्हणाल, ही टाकाऊ आहे, थांब, मी करून देतो. दुकानदाराला पैसे देईपर्यंत वाट पाहिली मी."

"मी तू विचारशील म्हणून थांबलो होतो."

"मला काय माहीत?"

"मला तरी काय माहीत?"

दोघंही जरा रागातच बोलले. एवढंसं वाक्य दोघांच्या तोंडात अडकलं होतं आणि तेवढ्यासाठी इतकी वर्षं गेली होती. त्यात मुलाची दाढी पांढरी व्हायला लागली, बायकोची वेणी करडी झाली, आणि परत काही मिळणार नव्हतं, हे सोफेवाल्यांना त्या आरशासमोर लख्ख दिसलं.

त्यांनी पिशवी उघडली. कव्हर काढून आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या शेजारी पसरलं. "त्या खुर्चीसाठी शिवलं होतं," ते म्हणाले. "आता कशालाच बसणार नाही. या तुझ्या काळ्या खुर्च्या अरुंद आहेत."

मुलाने कात्री ठेवली, हात पुसले आणि अंगठा शिवणीवरून सावकाश फिरवत शेवटपर्यंत नेला. कोपऱ्यात आल्यावर तो थांबला, परत सुरुवातीला आला आणि पुन्हा फिरवला. लहानपणी तो कारखान्यात येऊन असाच हात फिरवत बसायचा.

"बाबा," तो म्हणाला, "याला बसेल अशी खुर्ची करून द्याल मला?"

सोफेवाल्यांनी खिशातून टेप काढला.

"सरळ उभा राहा."

"मी? मी कशाला, बसणारा तर गिऱ्हाईक..."

"खुर्चीची उंची कापणाऱ्याच्या कोपरावरून ठरते. या खुर्च्या तुला ठेंगण्या आहेत. वाकून वाकून पाठ चाललीय तुझी, मघापासून बघतोय मी. राहा उभा."

मुलगा उभा राहिला. टेपचं टोक त्याने बुटाखाली धरलं आणि सोफेवाल्यांनी टेप वर नेत त्याचं कोपर हातात घेतलं. हाड तेच होतं. त्यांनी आकडा वाचला, तो डोक्यात राहिला नाही म्हणून पुन्हा वाचला, आणि मग ते नुसतेच कोपर धरून उभे राहिले. मुलानेही हात काढून घेतला नाही. आरशात बायको अर्ध्या कापलेल्या केसांनी बसली होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती.